देवापुढे समान, कामावर वेगळे

चोखामेळा कामावर असताना गेले. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते, तिथे राबायला लावलेल्या माणसांत तेही होते. भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते तिच्याखाली गाडले गेले. साल १३३८ मानतात. पुढची कथा महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. कीर्तनात ही कथा येते ती नामाचा महिमा सांगण्यासाठी, आणि ते रास्तच आहे. तिची दुसरी बाजू मात्र क्वचितच कोणी उलगडून सांगतो. ज्याच्या अस्थीही नाम घेतात असे भक्तांनी मानले, त्याने पोटासाठी कोणते काम करावे हे त्याच्या जन्माच्या दिवशीच ठरले होते, आणि इतक्या भक्तीनंतरही ते बदलले नाही. समाधीसुद्धा द्वाराच्या बाहेर झाली. सगळी माणसे ईश्वरापुढे समान आहेत असे आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक धर्मपंथ सांगतो. या वचनाचा कस प्रार्थनेत लागत नाही, तो काम वाटताना लागतो, असे माझे म्हणणे आहे. कामाची दारे जन्मावर उघडत आणि मिटत असतील, तर ती आध्यात्मिक समता अपुरी तर राहतेच, शिवाय विषमतेला झाकण्याच्या कामीही येते.

याला पहिला आक्षेप तत्त्वज्ञानातूनच येतो, आणि तो हलका नाही. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात अपशूद्राधिकरण नावाचा भाग आहे. जीव आणि ब्रह्म एकच, हे ज्या ग्रंथात इतक्या तर्ककठोरतेने मांडले आहे, त्याच ग्रंथात शूद्राला वेदाध्ययनाचा आणि त्यातून मिळणाऱ्या ब्रह्मविद्येचा अधिकार नाही असा निर्णय दिला आहे. इतिहास-पुराणांतून त्याने ज्ञान मिळवावे, एवढी वाट मोकळी ठेवली आहे. अद्वैताचा अभिमानी याचे उत्तर असे देईल की पारमार्थिक पातळीवर भेद नाही, व्यावहारिक पातळीवर आहे. दोन्ही पातळ्यांची गल्लत करू नका. पण या उत्तरातच त्याची अडचण आहे. व्यवहारातला भेद खरोखर अज्ञानातून आलेला, अखेरीस मिथ्या असेल, तर तो मोडल्याने सत्याचे काहीच बिघडत नाही. मग त्याच्या राखणीसाठी इतके नियम, इतकी प्रायश्चित्ते कशाला? जो भेद जपण्यासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या झटतात तो त्यांच्या लेखी मिथ्या नसतो, सर्वांत खरा असतो. विवेकानंदांनी १८९६ मध्ये लंडनला व्यावहारिक वेदान्तावर व्याख्याने दिली. सर्वांत एकच आत्मा आहे असे म्हणणाऱ्याला कोणाचाही जन्मसिद्ध विशेषाधिकार मान्य करता येणार नाही, हा निष्कर्ष त्यांना टाळता आला नाही. टाळण्यासारखा तो नाहीच.

दुसरा आक्षेप कर्मसिद्धान्ताचा. ज्याला जे कुळ मिळाले, जे काम वाट्याला आले, ते त्याच्या पूर्वसंचिताचे फळ. त्यात अन्याय कुठला? हा युक्तिवाद आज कोणी सभेत मांडत नाही, पण मनात तो शाबूत आहे, आणि म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. कर्मसिद्धान्त जसाच्या तसा मान्य केला, तरी तो फार तर एखाद्या माणसाच्या वाट्याला काय आले याचे कारण सांगतो. त्याला तिथेच डांबून ठेवण्याचा अधिकार तो मला देत नाही. रोग प्रारब्धाने आला असे मानणारा माणूसही वैद्याकडे जातो, आणि वैद्य त्याला परत पाठवत नाही. दुसऱ्याचे संचित आपल्याला दिसत नाही. दिसते ते आपले आत्ताचे कर्म, म्हणजे आपण त्याच्याशी कसे वागतो ते. सिद्धान्ताशी प्रामाणिक राहायचे तर दार बंद करणाऱ्याने आधी स्वतःच्या खात्यात काय जमा होत आहे याची चिंता करायला हवी.

भक्तिपरंपरेने यापुढचे पाऊल टाकले हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. सावता माळ्यांचा मळा, गोरोबांची माती, नरहरी सोनारांची पेढी, सेना न्हाव्यांची धोकटी, जनाबाईंचे जाते ही सगळी कामाची ठिकाणे वारकरी संतांनी पूजेच्या तोडीची मानली. हाताने केलेल्या कामाला इतका मान संस्कृत शास्त्रपरंपरेने क्वचितच दिला असेल. पण कामाला मान देणे वेगळे आणि काम निवडण्याची मुभा देणे वेगळे. कुंभाराचे काम पवित्र झाले, तरी कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हायचे हे तसेच राहिले. कामाच्या पावित्र्याचा हा विचार नंतरच्या काळात उलट बाजूने वापरला गेला. सगळीच कामे देवाची, मग तू तुझे सोडून दुसऱ्याचे का मागतोस, असे विचारायची सोय झाली. आजही सफाई कामगारांचे पाय धुण्याचे सोहळे होतात. त्यातली भावना खरी असेलही, पण त्या कामगाराच्या मुलीला त्याच पालिकेच्या लेखा विभागात नोकरी मिळण्याशी त्या सोहळ्याचा काही संबंध नसतो.

समता नियमात उतरली की काय होते, याचे एक जुने उदाहरण बौद्ध संघात आहे. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली हा न्हावी होता. आमचा कुळाचा ताठा मोडावा म्हणून उपालीला आमच्या आधी दीक्षा द्या, अशी विनंती राजकुमारांनीच केली, आणि बुद्धांनी ती मानली. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने मोजत, जन्माने नाही. त्यामुळे कालपर्यंत ज्याने त्यांची दाढी केली त्याला राजपुत्रांनी वंदन करायचे, हे एका नियमाने ठरून गेले. पहिल्या संगीतीत (धर्मसभेत) विनयाचे (संघाच्या नियमांचे) पठण उपालीने केले, म्हणजे ज्या विषयात त्याने प्रावीण्य मिळवले तो विषय अधिकाराने त्याच्याकडे आला. या कथेत करुणेला जेवढे महत्त्व आहे तेवढेच व्यवस्थेला आहे. कोणाचे मन उदार आहे की नाही यावर वंदन अवलंबून ठेवले नव्हते. पण याच संघाने स्त्रियांना प्रवेश देताना आठ गुरुधर्म घातले, आणि शंभर वर्षे भिक्खुणी असलेल्या वृद्धेनेही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्खूला उठून वंदन करावे, असा त्यांतला एक आहे. ज्या ज्येष्ठतेच्या नियमाने न्हाव्याला न्याय दिला, तोच नियम स्त्रीपाशी आल्यावर बाजूला ठेवला गेला. समतेचा विचार मान्य असणाऱ्या संस्थेतही पुढच्या दारापाशी तो पुन्हा नव्याने सिद्ध करावा लागतो.

आधुनिक उद्योग आल्यावर हे सगळे आपोआप सुटेल अशी अनेकांची समजूत होती. यंत्राला जात कळत नाही, असे म्हटले जाई. मुंबईच्या कापड गिरण्यांनी ही समजूत खोटी ठरवली. गिरणीत सर्वांत बरा पगार ज्या खात्यांत मिळे त्यांत साचेखाते, म्हणजे विणकामाचे खाते होते, आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण अगदी बारीक होते. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. तोच धोटा दुसऱ्या विणकराच्या हातात, मग त्याच्या ओठाला जाणार. स्पृश्य कामगारांना हा विटाळ चालेना. मालकांनी तशी लेखी अट घालण्याची गरजही पडली नाही. खात्यातल्या माणसांनीच दार धरून ठेवले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उचलून धरला, तेव्हा कामगार एकजुटीच्या पुढाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला. गिरणगावात चाळीचाळीत भजनी मंडळे होती. एकादशीला टाळ वाजत होते. त्या भजनांतली समता साचेखात्याच्या दारापर्यंत पोहोचली नाही.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि आयुष्यभर गँगमनच राहतो. पोर्टरची जागाही त्याला क्वचितच मिळते, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरगडी म्हणूनही वापरले जाते, आणि स्टेशनमास्तरला घरात अस्पृश्य चालत नाही. नोकरी रेल्वेची, पगार रेल्वेचा, पण ती मिळणार की नाही हे कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर ठरते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू त्यांनी त्याच भाषणात सांगितले. भेदभाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शिवीगाळ आणि मारहाण येते. मनमाडच्या या उदाहरणात कोणी कोणाला शिवी दिलेली नाही. रीत सांभाळली गेली आणि एका माणसाची बढती कायमची थांबली.

आज धोटा तोंडाने ओढत नाहीत, पोर्टर साहेबाच्या घरी भांडी घासत नाही. मग आता तिसरा आक्षेप येतो, आणि सुशिक्षित माणूस तो मनापासून मांडतो: आता नोकरी गुणांवर मिळते, जात कोण विचारतो? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी हा दावा तपासून पाहिला. २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. पात्रता सारखी, अर्ज सारखे, फरक फक्त नावाचा: एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असे, एक दलित, एक मुस्लिम. मुलाखतीला बोलावणे येण्याची शक्यता ज्या मापाने त्यांनी मोजली, त्यात उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाचा आकडा ०.६७ निघाला आणि मुस्लिम नावाचा ०.३३. हा अभ्यास २००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. त्याच मालिकेत सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. गुणवत्तेवर त्यांची अढळ निष्ठा होती, आणि तरीही उमेदवाराला घरची पार्श्वभूमी विचारणे त्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते. वडील काय करतात, भावंडे काय करतात, कुठे राहता, यांच्या उत्तरांतून गुणवत्ता कशी कळते, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

गुणवत्तेच्या आक्षेपाला याहून नेमके उत्तर नसेल. पात्रता सारखी असूनही आडनावाने बोलावणे ठरत असेल, तर गुणवत्तेचा अपमान भेदभाव करणाराच करतो, भेदभावाविरुद्ध तक्रार करणारा नव्हे. पण मला यापुढे जाऊन असे वाटते की गुण ही कोणाची निव्वळ स्वकष्टार्जित मिळकत नसतेच. घरात पुस्तके होती का, शाळा किती लांब होती, इंग्रजी कानावर किती पडले, मुलाखतीत कसे बसावे हे सांगणारे कोणी होते का, यांवर ते उभे राहतात. आपल्या गुणांचा हक्क देहाला चिकटवून न घेण्याची शिकवण तर आपल्या अध्यात्मात जागोजागी आहे. ती मानणाऱ्या माणसाने मिळालेल्या जागेकडे थोड्या नम्रतेने पाहिले पाहिजे, आणि ज्याला ती मिळाली नाही त्याच्या अर्जाकडे अधिक लक्षपूर्वक.

आरक्षण हाच उलटा भेदभाव आहे, असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांतले सगळे द्वेषाने बोलतात असे मी मानत नाही. एखाद्या गुणाने प्रवेश हुकलेल्या मुलाचे दुःख खरे असते. तरी दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. एका कृतीत कोणाला तरी कमी ठरवून बाहेर ठेवायचे असते, दुसरीत बाहेर ठेवलेल्याला आत घ्यायचे असते. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. त्यातली एक बारीक तरतूद मला हुकुमाच्या गाभ्याइतकीच महत्त्वाची वाटते: प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचे पत्रक दर तिमाहीला सादर करावे. सद्भावनेवर विसंबून न राहता त्यांनी हिशेब मागितला. पुढे संविधानाने कलम १६ मध्ये सरकारी नोकरीत संधीची समानता दिली आणि त्याच कलमात राखीव जागांची मुभा ठेवली. १९७६ च्या एन. एम. थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयातल्या बहुमताने ही मुभा समानतेला अपवाद मानली नाही, तर तिचाच एक भाग मानला. धर्माच्या अंगानेही हेच खरे आहे. ज्याला शतकानुशतके दाराबाहेर उभे केले त्याला दार उघडून नुसते आत ये म्हणणे पुरेसे नाही. आत बसायला जागा आहे याची खात्री करावी लागते.

मनपरिवर्तनाशिवाय कायद्याने काही होत नाही, हेही नेहमी ऐकू येते. पंढरपूरचा इतिहास यावर बरेच काही शिकवतो. साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी ते सुटले. मंदिर खुले झाले. चोखोबांच्या समाधीपाशी थांबणाऱ्यांना सहाशे वर्षांनी आत जाता आले, याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. पण दर्शनाचा हक्क मिळाला, तरी देवाची पूजा करण्याचे काम वंशपरंपरेने बडवे आणि उत्पात घराण्यांकडेच राहिले. १९७३ च्या कायद्याने हे वंशपरंपरागत हक्क रद्द केले, प्रकरण न्यायालयात लांबत गेले, आणि २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात त्याचा शेवट झाला. त्याच वर्षी मंदिर समितीने जात न पाहता अर्ज मागवून, मुलाखती घेऊन, ब्राह्मणेतर आणि स्त्रिया यांना पूजेच्या कामावर नेमायला घेतले. दर्शन आणि काम यांच्यामध्ये ६७ वर्षे गेली. उपोषणाने मने हलवली हे खरे, पण कामाची वाटणी बदलायला कायदा, न्यायालय आणि जाहिरात लागली. मन आधी की कायदा आधी, या वादात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले तेव्हा शाहू महाराज तिथे थांबून चहा पिऊ लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागला. त्यांची मने त्या दिवशी पालटली की नाही कोण जाणे. दुकान मात्र चालू लागले, आणि एका माणसाला स्वतःच्या हाताने केलेल्या चहावर पोट भरता आले.

एक आक्षेप अलीकडचा आहे, आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही तो पोहोचला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सिएटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी नाकारले. अशा कायद्यात जातीचे नाव घेतल्याने हिंदू धर्माची बदनामी होते, असा विरोधकांचा मुद्दा होता. अल्पसंख्य म्हणून परक्या देशात राहणाऱ्याला अशी भीती वाटणे समजण्यासारखे आहे. पण जात हा धर्माचा भाग नाही असे तुम्ही म्हणत असाल, तर जातिभेदाविरुद्धचा कायदा तुमच्या धर्माला शिवतच नाही. आणि तो शिवतो असे वाटत असेल, तर जात धर्माचा भाग आहे हे तुम्ही मान्य केलेत. दोन्हींपैकी एकच बाजू घेता येते. शिवाय हा रोग एकाच धर्माचा नाही. गोव्यात धर्मांतर झाल्यावरही चर्चमधल्या कोंफ्रारिया, म्हणजे भक्तमंडळे, जातीप्रमाणे वेगळ्या राहिल्या. मुस्लिम समाजात अशराफ (वरचे मानलेले) आणि पसमांदा (मागे राहिलेले) हा भेद आहे, आणि मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लग्न जुळवताना तो पाळतात. ईश्वरापुढची समता सांगणारा कोणताही धर्म या प्रश्नापासून सुटलेला नाही.

कायद्याची स्थिती आज अशी आहे. अस्पृश्यता कलम १७ ने संपवली, पाणवठे आणि दुकाने कलम १५ ने खुली केली, सरकारी नोकरीला कलम १६ चे संरक्षण आहे. अपंगांसाठी २०१६ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा खासगी मालकालाही लागू होतो. खासगी नोकरीच्या भरतीत जातीवरून किंवा धर्मावरून डावलले गेल्यास दाद मागता येईल असा सर्वंकष कायदा मात्र देशात अजून नाही. तुरुंगाच्या नियमावल्यांत झाडलोट खालच्या मानलेल्या जातींकडे आणि स्वयंपाक वरच्यांकडे देणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या त्या ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. गटारात उतरून मरणाऱ्यांच्या वारसांना तीस लाख रुपये द्यावेत, असे न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. हाताने मैला साफ करण्यावर पहिली बंदी १९९३ ची आहे. तरीही उतरणारे त्याच वस्त्यांतून येतात.

अशा वेळी धर्मसंस्थांनी सरकारची वाट पाहू नये असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. आपल्याकडच्या मोठ्या देवस्थानांचे ट्रस्ट, मठ, वक्फच्या संस्था, चर्चच्या शाळा-दवाखाने हे सगळे मालकही आहेत. त्यांच्याकडे पुजारी आहेत, मुनीम आहेत, शिक्षक, परिचारिका, प्रसादालयातले आचारी, सुरक्षारक्षक आणि ठेकेदारामार्फत आणलेले झाडूवाले आहेत. या प्रत्येक जागेची जाहिरात द्यावी, अर्जावरचे आडनाव पहिल्या चाळणीत झाकावे, घरची पार्श्वभूमी विचारणे बंद करावे. शाहू महाराजांनी मागितले होते तसे पत्रक दर तिमाहीला मंदिराच्या, मशिदीच्या, चर्चच्या फलकावर लावावे: किती जागा भरल्या, कोणत्या समाजातले किती, स्त्रिया किती, आचारी कोण आणि झाडूवाले कोण. दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ते वाचता आले पाहिजे.